तांडेलाने एकही प्रश्न विचारला नाही : खलाशांच्या उचलीत बुडालेले २,३७,८०० रुपये

ज्या घरात तीन पिढ्या मासेमारी चालत आली, त्या घरातल्या माणसाने खलाशी पुरवणाऱ्या दलालाला २,३७,८०० रुपये द्यावेत आणि हंगामाच्या पहिल्या रात्री डिझेल, बर्फ व शिधा भरलेल्या नौकेवर एकट्याने बसून राहावे, ही गोष्ट सांगताना आजही माझी मान खाली जाते. म्हणूनच इतके महिने मी गप्प राहिलो. या जूनमध्ये मात्र शेजारच्या बंदरातील एका नाखव्याने, म्हणजे नौकामालकाने, आपल्या मोबाइलवर आलेले एक छायाचित्र मला दाखवले. त्यात निळ्या भिंतीसमोर ओळीने बसलेली, दलालाने खलाशी म्हणून मला दाखवलेली तीच आठ माणसे होती. तेव्हा लाज बाजूला ठेवली.

हा प्रकार २०२४ च्या जुलैमधला आहे. माझी नौका यांत्रिक ट्रॉलर आहे आणि कर्जाच्या सोयीसाठी ती पत्नीच्या नावावर आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांच्या मासेमारी बंदीत नौका शाकारलेली होती, जाळी दुरुस्त करून झाली होती, इंजिनाचे काम उरकले होते. अशा वेळी सहा वर्षे माझ्याकडे असलेल्या कारवारकडच्या तांडेलाने, म्हणजे नौकेवरच्या खलाशांच्या म्होरक्याने, दुसऱ्या नाखव्याकडून मोठी उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम, घेतल्याचे जुलैच्या पहिल्या आठवड्यात कळवले. तांडेल गेला की त्याची माणसेही जातात. उचलीची पद्धत काय आहे आणि ती घेऊन पळणारे कसे पळतात, हे किनाऱ्यावरच्या माणसाला मी नव्याने सांगायला नको. मलाही ते ठाऊक होते, आणि तरीही मी फसलो. या लिखाणाचे कारण तेच आहे.

दलालाचा क्रमांक मला जाळी तुणणाऱ्या एका कारागिराकडून मिळाला. त्या बिचाऱ्याचाही त्याच्याशी कधी संबंध आलेला नव्हता. कोणीतरी जेटीवर क्रमांक वाटून गेले होते, तो त्याने पुढे दिला. मी अगदी डोळे मिटून व्यवहार केला, असे कोणी समजू नये. मी दलालाकडे मागच्या वर्षीच्या एखाद्या नाखव्याचा संदर्भ मागितला, त्याने एक क्रमांक दिला, मी त्यावर बोललो आणि पलीकडच्या गृहस्थांनी ‘माणसे चांगली आहेत, वेळेवर येतात’ अशी ग्वाही दिली. चोराने दिलेल्या क्रमांकावर चोराचाच साथीदार बोलणार, हे आज लहान मुलालाही सांगता येईल. त्या नाखव्याच्या नौकेचे नाव आणि बंदर विचारून, तिथल्या मच्छीमार सोसायटीत दूरध्वनी करून खातरजमा करायला मला दहा मिनिटे लागली असती.

ठरले ते असे. तांडेलाला ६०,००० रुपये आणि सात खलाशांना प्रत्येकी २०,००० रुपये, म्हणजे एकूण दोन लाख रुपये उचल. यूपीआयची दिवसाची मर्यादा एक लाखाची असल्यामुळे १८ जुलैला एक लाख आणि १९ जुलैला एक लाख असे मी पाठवले. २० जुलैला दलालाची दलाली, माणशी १,५०० प्रमाणे १२,००० रुपये. २६ जुलैला आठ जणांचे रेल्वेभाडे १०,८०० रुपये. आणि ३० जुलैला, एका खलाशाचे वडील वारले असून त्याच्या जागी दुसरा माणूस तातडीने उचलावा लागतो आहे, या कारणासाठी आणखी १५,००० रुपये. पैसे जाताना पडद्यावर एका बाईचे नाव येत होते. मी विचारले, तेव्हा ‘खाते बायकोच्या नावावर आहे’ असे उत्तर मिळाले. ज्याची स्वतःची नौका बायकोच्या नावावर आहे, त्याने यावर काय आक्षेप घ्यावा?

आधार कार्डांची छायाचित्रेही आली होती. आठांपैकी पाच जणांची जन्मतारीख १ जानेवारी होती. यावरून संशय यायला हवा होता, असे माझा शहरातला भाचा आता म्हणतो. त्याला सांगू इच्छितो की आजवर माझ्या नौकेवर आलेल्या निम्म्या खलाशांची जन्मतारीख १ जानेवारीच होती. संशय यायला हवा होता तो वेगळ्याच गोष्टीचा. आठही कार्डांवरच्या क्यूआर चौकोनावर नेमका प्रकाशाचा झोत पडून तो पांढरा झालेला होता. एका कार्डाचे असे होऊ शकते. आठांचे होत नाही. मूळ कार्ड समोर असेल, तर तो चौकोन आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून तपासता येतो. छायाचित्र पाहून पैसे पाठवू नका.

परंतु ज्या क्षणासाठी मी स्वतःला क्षमा करू शकलेलो नाही, तो १७ जुलैच्या संध्याकाळचा आहे. दलालाने व्हिडिओ कॉलवर तांडेलाशी गाठ घालून दिली. चाळिशीचा, काळासावळा, मिशा राखलेला माणूस. मी त्याला नौकेची माहिती दिली, दहा दिवसांची फेरी असेल असे सांगितले आणि शिध्याची यादी वाचून दाखवली : तांदूळ ५० किलो, डाळ ८ किलो, कांदे २५ किलो, बटाटे २० किलो, तेल १० लिटर, साखर १० किलो, अंडी १५०, नारळ २०. प्रत्येक ओळीला तो ‘ठीक है, सेठ’ म्हणत होता. मी खलाशांच्या रेनकोटची मापे विचारली, तेव्हा ‘कोई भी चलेगा’ असे म्हणाला. कॉल संपला आणि मला, खरे सांगतो, समाधान वाटले की या वर्षी कटकट न करणारा तांडेल मिळाला.

कटकट न करणारा तांडेल जगात नसतो. जो माणूस दहा दिवस आपला आणि सात जणांचा जीव घेऊन खोल समुद्रात जाणार आहे, तो उचलीला हात लावण्यापूर्वी नाखव्याची उलटतपासणी घेतो. इंजिन किती हॉर्सपॉवरचे आहे, जाळे ओढायच्या विंचवर वायर किती वाव (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट) आहे, बर्फाचे खण किती, पंप चालतो का, हिस्सा कसा धरणार, आणि मागचा तांडेल का सोडून गेला, हे सगळे तो विचारतो. शिध्यावर तर भांडतोच. पुढे ऑगस्टमध्ये जो खरा तांडेल मला मिळाला, त्याने नौकेवर पाऊल ठेवताच तांदळाच्या गोणीत हात घातला आणि हा कोलम परत करा, याची पेज होत नाही, उकडा आणा, असे मला सुनावले. विड्यांची बंडले कमी आहेत म्हणून तो दिवसभर धुमसत होता. त्याच्याकडे पाहताना मला व्हिडिओवरचा तो मिशीवाला आठवला. ज्याला तो भात खायचाच नव्हता, त्याने तांदळाची जात कशाला विचारावी?

मी मात्र तयारीत गढून गेलो होतो, आणि अशी तयारी माणसाला आंधळे करते. २५ जुलैपासून पाण्याच्या टाक्या घासून धुतल्या. इंजिनाचा पट्टा, डिझेलचे फिल्टर, २० लिटर ऑइल असे जास्तीचे सामान घेतले. तुणण्याच्या सुया आणि सुतळ्या वेगळ्या डब्यात ठेवल्या. कांदे-बटाटे गोणपाटात बांधून वारा लागेल असे टांगले, कोबी आणि दुधी शेवटच्या दिवसांसाठी तळाला व टोमॅटो वर ठेवले, काडेपेट्या दुहेरी प्लास्टिकमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या बरणीत घातल्या. औषधांच्या पेटीत ओआरएसची पाकिटे, तापाच्या गोळ्या, भाजल्यावरचे मलम आणि शिंगाळा माशाचा काटा रुतल्यावर लागते म्हणून जंतुनाशक व पट्ट्या होत्या. लाइफ जॅकेटचे पट्टे मी एकेक ओढून पाहिले, संकटात पेटवायच्या संकेतज्योतींवरची मुदत वाचली, व्हीएचएफ बिनतारी संच चालू करून संकटकाळचे चॅनेल १६ तपासले. आठ रेनकोट प्रत्येकी ६५० रुपयांना घेतले, सगळे मोठ्या मापाचे. दहा दिवसांत लागणारी वस्तू समुद्रात गेल्यावर आठवून उपयोग नसतो, हे वडिलांनी शिकवले होते, त्यामुळे मी बरणीचे झाकणसुद्धा दोनदा फिरवून पाहिले. आठ माणसे मात्र एकदाही तपासली नाहीत.

दलाल २८ तारखेला माणसे गाडीत बसल्याचे म्हणाला, २९ ला पावसामुळे गाडी रद्द झाल्याचे म्हणाला. हे खोटे वाटण्याचे कारण नव्हते. त्याच महिन्यात १४ तारखेला दिवाणखवटीजवळ दरड कोसळून कोकण रेल्वे ठप्प झाली होती आणि आम्ही सगळ्यांनी ते सोसले होते. मी तिकिटाचा पीएनआर क्रमांक मागायला हवा होता. मागितला नाही, कारण आपण अविश्वास दाखवला आणि माणसे ऐनवेळी दुसऱ्या नौकेवर गेली तर, ही धास्ती होती. या धास्तीवरच त्यांचा धंदा चालतो. मागितलेल्या क्रमांकावरून जो रुसेल, त्याला रुसू द्या.

३१ जुलैला दुपारी मी १० टन बर्फ भरला, टनाला २,३०० प्रमाणे २३,००० रुपये. हमालीचे २,४०० वेगळे. बर्फ शेवटी भरायचा असतो, म्हणजे आता माणसांचीच वाट होती. चार वाजता ‘गाडी तीन तास लेट’ असा निरोप आला. नऊ वाजता दलालाचा मोबाइल बंद झाला. रात्री बारानंतर शेजारच्या नौका नारळ वाहून एकामागून एक निघाल्या, त्यांचे दिवे मी पुढे जाताना पाहिले. दोन दिवस मी तो बर्फ कोणाला तरी विकता येईल का, म्हणून जेटीवर फिरत होतो. पण ज्यांना हवा होता ते सगळे समुद्रात होते. खणातला चुरा एकमेकांत बसून त्याची शिळा झाली आणि मग ती शिळा माझ्याच डिझेलवर चाललेल्या पंपातून पाणी होऊन खाडीत गेली. भाजीपाला ३,८६० रुपयांचा होता, तो वाटून टाकला. दलालाला दिलेल्या रकमेत बर्फ, हमाली आणि भाजीचे हे २९,२६० रुपये मिळवले की नुकसान २,६७,०६० रुपये होते, आणि नौका नारळी पौर्णिमेपर्यंत, म्हणजे १९ ऑगस्टपर्यंत, उभी राहिली ती वेगळी.

आता सरकारी यंत्रणेविषयी. १ ऑगस्टला सकाळी मी पोलीस ठाण्यात गेलो. ठाण्याचे नाव लिहीत नाही. तिथे मला प्रथम सांगण्यात आले की मजुरीच्या आगाऊ रकमेचा हा दिवाणी वाद आहे. मी म्हटले की माणसे मुळात अस्तित्वातच नसतील, तर मजुरी कसली आणि वाद कोणाशी? मग सांगण्यात आले की आरोपी परराज्यातला दिसतो, तक्रार तिकडे करा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते आणि समोरच्या साहेबांनी ते सांगितले नाही. एका हवालदाराने तर ‘चारशे वीस आता राहिले नाही’ एवढे ज्ञान दिले. त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आले आहे, हे मला वकिलाकडून कळले. शेवटी तक्रार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवली, तेव्हा कुठे माझा अर्ज ‘चौकशीवर’ गेला. तो अजून तिथेच आहे.

मासेमारी खात्याच्या कार्यालयात गेलो, तर खलाशी भरती आमच्या कक्षेत येत नाही, असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला सर्वांत जास्त झोंबले. २६ नोव्हेंबर २००८ ला अतिरेकी ‘कुबेर’ नावाच्या पळवलेल्या मासेमारी नौकेतून मुंबईकडे आले, तेव्हापासून खलाशांची ओळखपत्रे तपासा, नोंदी ठेवा, अनोळखी माणूस नौकेवर घेऊ नका, असे आम्हाला प्रत्येक बैठकीत बजावले जाते. समुद्रात जाण्याचे टोकन घ्यायला गेलो की प्रत्येक माणसाचे कार्ड मागितले जाते. म्हणजे माणूस जेटीवर आला की त्याची ओळख सुरक्षेचा प्रश्न असते आणि तो माझे पैसे घेऊन आलाच नाही, की ती माझी खासगी बाब होते! पैसे देण्यापूर्वी ही ओळख पडताळून देणारी एकही खिडकी बंदरावर नाही. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनी ‘आम्ही सांगितलेच होते’ म्हटले. ते त्यांनी सांगितलेले नव्हते.

१९३० या सायबर मदत क्रमांकावर मी २ ऑगस्टला दूरध्वनी केला, आणि हीही माझीच चूक होती. दलालाचा मोबाइल बंद झाला त्याच रात्री करायला हवा होता. ठाण्यात ताटकळत बसण्याआधी हा क्रमांक फिरवा, कारण खात्यातले पैसे रोखण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. दूरध्वनीवरच्या मुलीने मात्र व्यवस्थित नोंद घेतली, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझे दोन लाख तोवर निरनिराळ्या खात्यांतून फिरून एटीएममधून निघून गेलेले होते. एका खात्यात ४,१२० रुपये शिल्लक सापडले आणि ते गोठवण्यात आले.

उचल यापुढे मी दोन टप्प्यांत देतो, अर्धी माणूस नौकेवर चढल्यावर, आणि दलालाच्या नव्हे, तर माणसाच्या स्वतःच्या खात्यावर. असे म्हटले की निम्मे दलाल पुन्हा दूरध्वनी करत नाहीत. परराज्यातून येणारे बहुतेक खलाशी कष्टाळू आणि शब्दाला जागणारे आहेत, माझी नौका त्यांच्याच जिवावर चालली आहे, त्यामुळे या लिखाणाचा राग त्यांच्यावर काढू नये.

गोठवलेले ४,१२० रुपये परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणावा लागेल, असे बँकेने तेव्हा कळवले. त्या अर्जासाठी वकिलांनी ५,००० रुपये फी सांगितली.