सालगडी का रोजंदार? स्पेस स्टेशनचंबी तेच हाय

आमच्याकडं पाडव्याले सालगडी ठरतो, काम असो नसो वर्षाचे पैसे न ज्वारी द्याच लागते. रोजंदाराले गरजेपुरतं बोलवा, संध्याकाळी हिशोब, विषय संपला. भारताचं स्वतःचं स्टेशन २०३५ पर्यंत उभं करायचं ठरलंय, तर तिथं बाराही महिने माणूस ठेवायचा का मधून मधून पाठवायचा, मले तरी हा हिशोब सेमच वाटते.

कायम माणूस म्हणजे खर्च थांबतच नाही, ४०० किमी वर जेवण, सुटे पार्ट सगळं खालूनच न्यायचं, आयएसएसवर (आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनवर) तं घाम न लघवीबी शुद्ध करून परत पितात, वरून घरी यायले यान चोवीस तास बांधून ठेवा लागते, बैलजोडीवानी. पण नोव्हेंबर २००० पासून आयएसएसवर एकबी दिवस माणूस नाही असं झालं नाही, बिघडलं का हात लावाले कोणी असतेच. मागच्या रब्बीत रात्री माझी मोटर बंद पडली, मी गावात झोपेल, सकाळी पाहतो तं हरभऱ्याची अर्धी पट्टी कोरडी.

येऊन-जाऊनवाला प्रकार स्कायलॅबनं, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या स्पेस स्टेशननं केला. १९७३-७४ मध्ये तीन टीम, २८, ५९ न ८४ दिवस, काम झालं भरपूर. मग रिकामंच राहिलं अन् १९७९ मध्ये कोसळलं.

आपले अंतराळवीर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये आयएसएसवर १८ दिवस राहून आले, मेथी-मूग उगवले. मेथी होते तेवढ्यात, पण वर राहून माणसाची हाडं किती झिजतात हे पाहाले महिनेच लागते.

माझं मत इचाराल तं पहिले चार-पाच वर्षं रोजंदारीच बरी, सालगड्याचं वचन सरकारनं आत्ताच कायले द्याचं?