हॉट टबचं लॉज की बंबाचं घर? जांबोटी-कणकुंबीकडे दोन दिवस राहायचं तर

धाकट्या बहिणीचा परवा फोन आला. “ताई, डिसेंबरात दोन दिवस जांबोटीकडं जायचं ठरतंय. आई आणि पोरं बरोबर आहेत. हॉट टबवालं लॉज घेऊ, की कुणाच्या तरी घरी राहू?” मी दोन्हीकडे राहून आलेय. तिला सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहिते, कारण बेळगावातून तिकडच्या रानात जाणारी कितीतरी घरं दर थंडीत याच प्रश्नाशी अडतात.

आधी टब म्हणजे काय ते बघा. आपल्याकडे ‘जकुझी रूम’ म्हणून जे दाखवतात तो पुष्कळदा न्हाणीघरातला साधा बाथटब असतो, फार तर बुडबुडे सोडणारा. तो गीझरवर भरतो. २५ लिटरच्या गीझरमधलं ६० अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं तर अंगाला सोसेलसं, ३९ अंशांचं पाणी जेमतेम ५५ लिटर होतं. टब असतो अडीचशे-तीनशे लिटरचा. पाच वेळा गीझर तापेपर्यंत पहिलं पाणी निवून जातं. आमचं एकदा असंच झालं. रात्री अकरापर्यंत पोरं टॉवेल गुंडाळून बसली होती आणि शेवटी कोमट पाण्यात पाय बुडवून झोपली. तेव्हापासून मी अशा खोलीला जादा पैसे देत नाही.

खरा हॉट टब उघड्यावर, व्हरांड्यात किंवा डेकवर असतो. त्याला स्वतःचा हीटर, फिल्टर आणि झाकण असतं. चार माणसांच्या टबात हजार-बाराशे लिटर पाणी मावतं. हजार लिटर पाणी २२ अंशांवरून ३९ वर न्यायला साधारण २० युनिट वीज लागते, म्हणजे ३ किलोवॅटच्या हीटरला साडेसहा तास. म्हणून बुकिंगच्या फोनवर पहिला प्रश्न हाच: “टब तापायला कधी लावता?” “सकाळी अकरालाच लावतो, तुम्ही सहाला उतरा” असं उत्तर आलं तर त्या माणसाला आपलं काम कळतं. “तुम्ही या, पंधरा मिनिटांत करून देतो” म्हणाला तर तो बाथटब समजा. लाइट गेली तर काय, तेही विचारा. रानातल्या लॉजमध्ये इन्व्हर्टरवर दिवे लागतात, हीटर चालत नाही.

दुसरा प्रश्न पाण्याचा, आणि इथं मी अजिबात भीड ठेवत नाही. गरम पाण्यात क्लोरीन लवकर उडतं, आणि नीट न राखलेल्या टबात जंतू वाढतात. त्यामुळं अंगावर पुरळ उठतं, वाफेतून छातीचा आजारही होऊ शकतो. पाणी स्वच्छ, तळ दिसेल असं हवं. टबाची कड हाताला बुळबुळीत लागली, तर कितीही पैसे भरलेले असोत, उतरू नका. उतरण्याआधी आपणही अंघोळ करावी. अंगाचं तेल नि साबण टबात गेला की क्लोरीन त्यातच खर्ची पडतं.

हे सगळं जमून आलं तर मात्र त्या सुखाला तोड नाही. भोवती किर्र रान, वर चांदणं, नाकाला झोंबणारा गारवा आणि गळ्यापर्यंत ऊन पाणी. जोडप्यानं, दोघांनीच जायचं असेल तर मी डोळे झाकून हेच घे म्हणेन. पाणी ४० अंशांच्या वर नको, एका वेळी पंधरा-वीस मिनिटं पुरे, आणि दारू पिऊन मुळीच नको.

बंबाच्या घरची गोष्ट वेगळी. खानापूर तालुक्यातल्या काही घरांनी मागची खोली पाहुण्यांसाठी काढलीय. परड्यात तांब्याचा बंब धडधडत असतो. ढलप्या सारायच्या, वरून गार पाणी ओतायचं, तोटीतून कढत येतं. लाइट गेली काय, असली काय, अंघोळ चुकत नाही. धुराचा तो वास मला आजीच्या घरी नेतो. वर नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, आणि घरातल्या काकू “आणखी एक घे गं” म्हणत शेजारी बसलेल्या. अडचण एकच: न्हाणी घराबाहेर असते आणि पायरी ओली, निसरडी. गुडघे दुखणाऱ्या माणसासाठी पाट नि धरायला काही आहे का, ते आधी विचारून ठेवा.

गोकाक-हिडकलकडचा पर्याय मी लगेच बाजूला ठेवते. गोकाकचा ५२ मीटरांचा धबधबा पावसाळ्यात बघावा. त्या मोकळ्या, कोरड्या मुलखात टबाची मजा येत नाही. आणि जांबोटी-चोर्ल्याकडे ऐन पावसात टबासाठी जाऊ नये: जळवा, धुकं, घाटातला रस्ता आणि दिवस-दिवस लाइट नाही. नोव्हेंबर ते जानेवारी हेच दिवस.

बहिणीला मी बंबाचं घर घ्यायला लावलं. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. गरम पाण्यात रक्तदाब उतरतो, टबातून एकदम उठलं तर भोवळ येते, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला उतरू देणार नाही. पोरं टबात असताना आई काठावर शाल गुंडाळून बसणार, हे मला नको होतं. त्यापेक्षा सकाळी सगळ्यांनी मिळून कणकुंबीला जावं, मलप्रभेच्या उगमावर आईनं हात जोडावेत. जांबोटी बेळगावहून ३० किलोमीटरच आहे. टबासाठी बहीण आणि तिचा नवरा, दोघंच फेब्रुवारीआधी पुन्हा जाऊ शकतात. पोरांना मी सांभाळीन.