दोडामार्ग तालुक्यातील आमच्या वाडीत रक्तदाबाचे यंत्र: एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

सिंधुदुर्गाच्या दक्षिण टोकाला, गोवा आणि कर्नाटकाच्या सीमेलगत तिलारीच्या दाट जंगलपट्ट्यात आमची वाडी आहे. आजार गंभीर झाला की रुग्णाला राज्याची सीमा ओलांडून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे, हा इथला जुना प्रघात. डोंगराळ भागात 3,000 लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र असा सरकारी निकष आहे. परंतु तेवढी माणसे ओढ्यांपलीकडच्या कितीतरी वाड्यांत विखुरलेली असतात, हे त्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणूनच उच्च रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या आईसाठी दंडावर पट्टा बांधण्याचे, पेन्सिल सेलवर चालणारे साधे यंत्र उन्हाळ्याच्या अखेरीस घेतले.

या यंत्राने आम्हाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे निर्णय घेण्यासाठी आधार. पूर्वी आईचे डोके दुखू लागले की रिक्षा ठरवावी की सकाळपर्यंत थांबावे, हे केवळ अंदाजाने ठरत असे. आता सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसल्यावर, पाय जमिनीवर आणि दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजतो आणि वहीत लिहितो. दवाखान्यात 140/90 ही मर्यादा धरतात, घरच्या मोजणीत 135/85, हे उपकेंद्रातील मॅडमनी आईला नीट समजावले. वही पाहूनच डॉक्टरांनी गोळीची मात्रा बदलली. एखाद्या दिवशीच्या एकाच आकड्यावरून तसे करणे त्यांना योग्य वाटले नसते. 2017 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या सुरुवातीच्या जिल्ह्यांत सिंधुदुर्ग होता, आणि गोळ्या उपकेंद्रात मोफत मिळतात. मात्र पावसात साकव पाण्याखाली गेला की त्या आणायला जाता येत नाही, त्यामुळे आशाताईंना आधीच सांगून महिन्याभराचा साठा घरी ठेवणे हाच उपाय आम्हाला सापडला.

पावसाळ्यातच खारवलेली सुकी मासळी आणि लोणचे जेवणात वाढते. वहीतला वरचा आकडा चढलेला पाहून आईने स्वतःहून सुंगटाची किसमूर (सुक्या कोळंबीचे तोंडीलावणे) कमी केली. इतकी वर्षे आमच्या सांगण्याने जे झाले नव्हते, ते त्या आकड्याने केले, याचे मला मनापासून समाधान आहे.

उणिवाही आहेत. पडद्याला प्रकाश नाही, त्यामुळे वीज गेली की बॅटरी धरून आकडा वाचावा लागतो. दमट हवेने पट्ट्याला बुरशी धरते. यंत्र झाकणाच्या डब्यात ठेवावे लागते. शेजारीपाजारीही मोजायला येतात, आणि सर्वांचे आकडे एकाच स्मृतीत मिसळतात. वही अपरिहार्य होण्याचे तेही एक कारण आहे. शिवाय सोबतचा पट्टा 22 ते 32 सेंटीमीटर घेराच्या दंडासाठी आहे. जाड दंडावर तो घट्ट बसवला तर आकडा खरा असतो त्यापेक्षा जास्त येतो, म्हणून घेण्यापूर्वी दंडाचा घेर शिवणाच्या टेपने मोजावा आणि गरज असल्यास मोठा पट्टा वेगळा मागवावा.

मनगटावरचे यंत्र स्वस्त आणि सुटसुटीत वाटले, तरी मी ते सुचवणार नाही. हात थोडा खाली-वर झाला तरी त्याचा आकडा बदलतो. छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले किंवा बोबडी वळली, तर मोजत बसू नये, आकडा चांगला आला तरी लगेच 108 ला फोन करावा. आमच्या वाडीत रेंज फक्त वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर येते, म्हणून फोन करायला कोणी धावायचे हे घरात आधीच ठरवून ठेवले आहे.