बेळगावात मच्छे, उद्यमबागेत जुनी शेड घेताय? 'एन्व्हायर्नमेंट रिपोर्ट'वाल्यांपासून सावध

मंडळी, उतारा, ईसी (जागेवरच्या बोजाचा दाखला), एनए ऑर्डर सगळं आपण वकिलाकडनं तपासून घेतो पण जमिनीखाली काय पुरलंय ते कोण बघतंय, आणि नेमकं तिथंच आम्हाला टोपी घातली.

मच्छेजवळची बंद पडलेली प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवायची) शेड, भावाला सीएनसी मशीन टाकायला हवी होती. प्लेटिंग म्हणजे क्रोमियम, निकेल, सायनाइड आलंच, म्हणून आम्ही जागेच्या प्रदूषणाचं असेसमेंट मागितलं तर एजंटच म्हणाला, "माझ्या ओळखीचा कन्सल्टंट हाय की, तुम्ही कशाला धावपळ करूलाय?" ३५,००० घेतले आणि हिरव्या कव्हरचा जाडजूड रिपोर्ट दिला. 'फेज वन, साइट क्लीन', मागे मातीची लॅब शीट, त्यावर एनएबीएलचा (लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचा) शिक्का.

फाउंडेशन खणायला घेतलं तर वीतभर मुरमाखाली फाउंड्रीची काळी जळकी वाळू आणि त्यात हिरवट-पिवळा गाळ. बोअरचं पाणी तपासलं, पिण्याच्या पाण्यात टोटल क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आमचं कितीतरी वर.

मग रिपोर्ट नीट वाचला. जवळची नदी म्हणून कृष्णा लिहिलीय! अरे कृष्णा तिकडं चिकोडी-अथणीकडं, कुणाचा तरी रिपोर्ट उचलून फक्त नाव बदललंय. आणि फेज वनमध्ये सॅम्पल घेतच नाहीत, जुने कागद, परवाने, सॅटेलाइट फोटो, जागेवर फेरी, जुन्या कामगारांशी बोलणं एवढंच, खोदून माती-पाणी तपासणं ते फेज टू. मग हे आकडे आले कुठनं? शीटवरचा टीसी नंबर, म्हणजे लॅबच्या मान्यतेचा नंबर, एनएबीएलच्या साइटवर टाकला, लॅब खरी निघाली, पण फोन केल्यावर ते म्हणाले हा रिपोर्ट आमचा नाहीच.

आपल्याकडं जागा घेण्याआधी हे असेसमेंट सक्तीचं नाही, त्यामुळं लेटरहेड छापून कोणीही कन्सल्टंट होतंय. माणूस तुमचा तुम्ही नेमा, सॅम्पल काढताना स्वतः उभे राहा. प्लेटिंगचा गाळ घातक कचऱ्यात येतो, तेव्हा विकणाऱ्याकडं प्रदूषण मंडळाची कन्सेंट (कारखाना चालवायची परवानगी) आणि गाळ कुठं पाठवला त्या मॅनिफेस्टच्या कॉप्या मागा, तो टाळाटाळ करायला लागला की समजायचं गाळ कुठं गेलाय ते.

आम्ही न्यायसंहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिलीय, कन्सल्टंटचा फोन बंद. एजंट मात्र मोकळा फिरूलाय, परवा होनग्यातल्या एका शेडसाठी तसलाच हिरवा रिपोर्ट दाखवत होता म्हणे.