ठोकळे की गोळ्या? बेंटोनाइटवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

खाडीपुलाच्या पायलिंगला बोअर ढासळू नये म्हणून बेंटोनाइटचा, म्हणजे पाण्यात फुगणाऱ्या मातीचा, घोळ वापरतात, ते आपल्याकडे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. अणुकचऱ्याचा डबा जमिनीत खोल पुरायचा झाला, तर डबा आणि खडक यांच्या मधल्या जागेत भरायला अनेक देशांनी हीच माती निवडली आहे. रत्नागिरीत सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या दोन मुलींनी मला परवा विचारलं, "सर, प्रोजेक्टला दाबलेले ठोकळे घेऊ की गोळ्या?" त्यांना दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर देतो.

तारापूरला काचेत गोठवलेला कचरा आज हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड ठेवतात, तो अजून खोल पुरलेला नाही. त्यामुळे खोल साठवणुकीतल्या मातीचा अनुभव पाहायचा तर युरोपातल्या बोगद्यांकडेच जावं लागतं.

मातीचा खरा कस सुरुवातीच्या काळात लागतो, डबा गरम असतो आणि माती अजून भिजलेली नसते तेव्हा. डब्यालगतचं पाणी वाफ होऊन बाहेर सरकतं आणि थंड भागात पुन्हा पाणी होतं. उलट बाजूने खडकातलं पाणी आत ओढलं जातं. म्हणून आतला थर सुकून आक्रसतो, बाहेरचा फुगतो. खारजमिनीतल्या खाचराला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि मिरगाच्या पावसात त्या मिटतात, तसंच हे. फक्त इथे एकाच वेळी दोन्ही चालू असतं. स्वित्झर्लंडमधल्या ग्रिमसेलच्या बोगद्यात १९९७ साली स्पॅनिश बेंटोनाइटच्या ठोकळ्यांमध्ये १०० अंशांचा हीटर ठेवला होता. २०१५ मध्ये, १८ वर्षांनी, तो उघडला तेव्हाही हीटरजवळची माती बाहेरच्या मातीपेक्षा कोरडीच निघाली. ठोकळ्यांमधले सांधे मात्र भिजलेल्या भागात मिटून गेले होते.

उष्णता वाहून नेण्यात ठोकळा सरस. कोरडा असताना तो साधारण ०.५ वॅट प्रति मीटर-केल्विन उष्णता वाहतो आणि भिजल्यावर १.२ च्या आसपास जातो. कोरड्या गोळ्यांमध्ये हवाच जास्त असते, त्यामुळे त्यांचा आकडा ०.३ च्या आसपास राहतो आणि डबा तितका जास्त तापतो. स्वीडन-फिनलंडने बफरसाठी, म्हणजे डब्याभोवतीच्या या मातीसाठी, १०० अंशांची मर्यादा ठेवली आहे. ग्रिमसेलमध्येच २०२१ पासून २०० अंशांपर्यंतचा प्रयोग चालू आहे.

गोळ्यांचा गुण वेगळा. वेड्यावाकड्या पोकळीत त्या ओतून भरता येतात, ठोकळ्यांची जुळवाजुळव करावी लागत नाही. पण घनता कमी बसते, आणि पाणी खारं असेल तर ते महागात पडतं, कारण खाऱ्या पाण्यात बेंटोनाइट कमी फुगते आणि घनता जितकी कमी तितका तो फटका मोठा. म्हणून गोळ्या घ्यायच्या असतील तर नळाच्या पाण्याबरोबर खाडीच्या पाण्यावरही चाचणी करा. माझ्या मते कोकणातल्या प्रोजेक्टचा खरा जीव त्या तुलनेतच आहे.

तरी दोघींना मी ठोकळेच सुचवले. घनता नक्की कळते, आणि प्रयोग संपल्यावर ठोकळा कापून थराथराचा ओलावा मोजता येतो. गोळ्यांच्या ढिगात ते फार अवघड. सोडियमची की कॅल्शियमची, यावर वेळ घालवू नका. कच्छची सोडियम बेंटोनाइट सहज मिळते, ती घ्या.

अडचण आपल्या हवेची आहे. एका जुलैत शुक्रवारी दाबलेला ठोकळा मी टेबलावर उघडाच ठेवला. सोमवारी त्याच्या कडा फुगून पापुद्रे सुटले होते, बोटाने ढकलले की गळून पडत. पाणी कुणीच घातलं नव्हतं, फक्त पावसाळी हवा. हवा ५० टक्के दमट असेल तर तिच्याशी समतोलात असलेल्या मातीतलं शोषण (पाणी ओढून घेण्याचा जोर) सुमारे ९५ मेगापास्कल असतं, ८५ टक्क्यांना ते २२ च्या आसपास उतरतं. म्हणजे तेवढं पाणी मातीने हवेतूनच घेतलेलं असतं.

तेव्हा पावसाळ्यात बरण्यांचं काम उरका. बंद बरणीत साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आतली हवा ७५ टक्क्यांच्या आसपास स्थिरावते. तिथे मातीचा नमुना ठेवून वजन थांबेपर्यंत रोज तोला. वेगवेगळ्या क्षारांच्या चार-पाच बरण्या लावल्या की ओलावा आणि शोषण यांचा आलेख तुमच्या हातात येतो. ठोकळे दाबायचं यंत्र दिवाळीनंतर बुक करा, आणि दाबलेला प्रत्येक ठोकळा त्याच मिनिटाला दोन प्लास्टिक पिशव्यांत बंद करा.