हवाई अंतराचा आकडा भरवशाचा, उड्डाणवेळेचा नाही

दोन विमानतळांची नावे किंवा त्यांचे तीन अक्षरी कोड भरले की त्यांच्यामधले हवाई अंतर आणि उड्डाणाला लागणारा वेळ सांगणारी एक विनामूल्य ऑनलाइन सेवा मी नियमित वापरतो. अंतरापुरती ती उत्तम आहे; वेळेच्या बाबतीत मात्र तिच्या भरवशावर कोणी पुढच्या विमानाचे तिकीट काढू नये.

अंतर काढताना ही सेवा सपाट नकाशावर रेघ ओढत नाही, तर पृथ्वीच्या गोलावरचा सर्वांत जवळचा मार्ग, म्हणजे बृहद्वृत्ताचा कंस, मोजते. लंडनच्या हीथ्रोपासून न्यूयॉर्कच्या जेएफकेपर्यंत ती सुमारे ५५४० किलोमीटर दाखवते, आणि तेच अंतर नॉटिकल मैलांतही देते. एका शहराला अनेक विमानतळ असतील तर नेमका कोणता हे विचारून घेते, ही दक्षता मला विशेष आवडली. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे पूर्ण गोल धरून केलेल्या हिशेबात फार तर अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. प्रवाशाला त्याने काही बिघडत नाही.

वेळेचा हिशेब मात्र फारच ढोबळ आहे. अंतराला ताशी ८५० किलोमीटरच्या ठरावीक वेगाने भागायचे आणि उड्डाण व उतरण यांसाठी अर्धा तास मिळवायचा, एवढेच तिचे सूत्र असल्यामुळे हीथ्रो ते जेएफके आणि जेएफके ते हीथ्रो या दोन्ही प्रवासांना ती सारखेच सात तास सांगते. प्रत्यक्षात अटलांटिकवर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे वेगवान वारे वाहत असल्याने वेळापत्रकात न्यूयॉर्कला जाण्यासाठी लंडनला येण्यापेक्षा साधारण तासभर अधिक धरलेला असतो. फेब्रुवारी २०२० मध्ये तर या वाऱ्यांच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोहोचले होते.

याहून मोठी चूक हेलसिंकी–टोकियो मार्गावर दिसते. २०२२ पासून फिनलंडच्या विमानांना रशियाची हवाई हद्द बंद असल्यामुळे ती मोठा वळसा घालून जातात आणि पूर्वीच्या नऊ-साडेनऊ तासांऐवजी आता सुमारे तेरा तास घेतात. ही सेवा अजूनही साडेनऊच्या आसपासचा आकडा देते.

शिवाय विमान कंपनीची वेळ एका विमानतळाच्या गेटपासून दुसऱ्याच्या गेटपर्यंत मोजलेली असते, त्यामुळे टॅक्सिंग, म्हणजे विमानाचे जमिनीवरून धावपट्टीपर्यंत चालत जाणे, आणि तिथली प्रतीक्षा तिच्यात धरलेली असते. आपण नेमकी कोणती वेळ देत आहोत, हे या सेवेने निकालाशेजारीच लिहायला हवे. जाण्याच्या आणि येण्याच्या वेळा वेगळ्या दाखवल्या आणि एका नेमक्या आकड्याऐवजी किमान व कमाल मर्यादा दिल्या, तर कनेक्टिंग फ्लाइट ठरवणाऱ्या प्रवाशालाही तिचा उपयोग होईल.