बेळगावात पहिलं घर: तयार फ्लॅट की गुंठाभर जागा?

भाच्याचं लग्न ठरलंय. अनगोळला तयार फ्लॅट घ्यावा, की येळ्ळूर रस्त्याकडे गुंठाभर, म्हणजे 1089 चौरस फूट, जागा घेऊन बांधावं, हे त्याला ठरवायचंय. आमच्या घरात सगळ्यांचा ओढा जागेकडे. पायाखालची माती आपली हवी, हे मलाही पटतं. पण आमच्या ट्रंकेत बाँडवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँप पेपरवर, घेतलेल्या गुंठ्याचा कागद आहे, घडीवर फाटून चिकटपट्टी लावलेला. शंभर रुपयांवरच्या जमिनीची विक्री नोंदणीशिवाय कायद्यात धरली जात नाही. म्हणूनच त्या कागदावर कुठली बँक कर्ज देईना.

केंद्राच्या तांत्रिक गटाने 2012 मध्ये शहरांतली घरांची तूट 1.88 कोटी मोजली. त्यातली जवळपास 1.5 कोटी कुटुंबं बेघर नव्हती, दाटीत राहत होती. लग्न झालेल्या जोडप्यालाही वेगळी खोली नव्हती. शहापूर-वडगावातल्या मागवाल्यांच्या घरात वाढलेल्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. अशा दाटीतून सुटायची घाई असते, आणि त्या घाईतच बाँडवर सही होते.

जागेचा फायदा खरा आहे. कर्नाटकात नोंदणी शुल्क 31 ऑगस्ट 2025 पासून 1 वरून 2 टक्के झालं, पण ते जागेच्या किमतीवर भरायचं; बांधकाम पुढे सवडीने. मात्र एनए (बिगरशेती परवाना), मंजूर लेआउट आणि ई-खाता (मालमत्तेची ऑनलाइन नोंद) हे तिन्ही हवेत. बी-खाता म्हणजे मंजुरी नसलेल्या मालमत्तेची नोंद; नुसत्या त्याने लेआउट कायदेशीर होत नाही. उतारा आणि ईसी (जागेवरचे बोजे-व्यवहार दाखवणारा दाखला) कन्नडमध्ये असतात. जाणत्याकडून ओळन्‌ओळ मराठीत समजून घ्या, एजंटाच्या तोंडी भाषांतरावर राहू नका.

फ्लॅटचं शुल्क पूर्ण किमतीवर, वर दरमहा मेंटेनन्स. पण पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही. आठांहून जास्त फ्लॅटचा प्रकल्प असेल तर रेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाकडची, नोंदणी बघा: नोंदलेल्या कराराआधी बिल्डरला 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यावर 5 वर्षं बांधकामातल्या दोषाची जबाबदारी त्याचीच.

प्रधानमंत्री आवास योजना-शहरी 2.0 ची व्याज सवलत खरेदीला आणि बांधकामाला, दोन्हींना आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्कं घर नको. मग जास्तीत जास्त 1.80 लाख, पाच वार्षिक हप्त्यांत. उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल आणि शहरात वडिलोपार्जित मोकळी जागा असेल, तर त्याच योजनेत स्वतः बांधण्यासाठी अनुदान मिळतं. अशांनी फ्लॅटच्या वाटेला जाऊच नये.

भाच्याकडे तशी जागा नाही, पगार महिन्याचा, बांधून होईपर्यंत भाडं चालूच राहणार. त्याला मी फ्लॅटच सांगितला. तरी मन जागेवरच असेल तर जुलैत, झड लागलेली असताना बघून ये म्हटलं. बळ्ळारी नाल्याकाठची शिवारं तेव्हा पाण्याखाली जातात, आणि एप्रिलमध्ये चुन्याने आखून दाखवलेला प्लॉट कुठे होता तेही सापडत नाही.